स्वर्गातलं अठ्ठ्याण्णव

"चोरानं कबुली दिलीय," एलेन तुर्नाद फोनवर म्हणाली, "आणि तरीही तुम्ही यावं असं मला वाटतं."

सुमेधा टिळेकरनं फोन खांद्याशी दाबून धरला आणि कप सिंकमध्ये ठेवला. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. भिजलेले गालिचे, जळकी गराजं, वाऱ्यानं उडालेली छपरं. लोक खोटं बोलतात याचं तिला आता वाईट वाटत नसे, नुसता थकवा येई. पण कबुली हातात असताना शंका घेणारी मालकीण तिनं पहिल्यांदाच पाहिली.

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातून पामर्स्टन नॉर्थ पावणेदोन तास. तिथून पुढे, पवनचक्क्यांच्या टेकडीखाली, तुर्नादांची भट्टी. घराणं मूळ फ्रान्समधल्या कोन्याक गावचं. एलेनच्या आजोबांनी दारू गाळायची तांब्याची भट्टी बोटीतून इकडे न्यूझीलंडला आणली. पद्धत तीच, लाकूड तेच, पण इथे बनते ती ब्रँडी. 'कोन्याक' हे नाव कायद्यानं त्या मुलखाचं. इथे तसं म्हणायची चोरी.

अंगणात पावसात एक लहानसं पिंप आडवं पडलं होतं. शेजारी एलेन छत्री न घेता उभी. पन्नाशीची, रात्रभर न झोपलेली.

"हेच ते?"

"हेच. शंभर लिटर. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या कशात न मिसळता, या एकाच पिंपातल्या बाटल्या शुक्रवारी भरायच्या होत्या. काल नमुना काढायला गेले, तर आत पाणी. चहानं रंगवलेलं."

"कबुली कोणाची?"

"विश्वनाथ जगदाळेची. सत्तावीस वर्षं आमची पिंपं तोच सांभाळतो. बोलावलं, आला. पिंपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'मी काढलं. कुठे ठेवलं ते विचारू नका.' संपलं."

"कधी काढलं असेल?"

"तीन आठवड्यांत केव्हातरी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानंच मला अठ्ठ्याण्णवचा नमुना पेल्यात आणून दिला होता. अक्रोडाचा वास, जुन्या पुस्तकांचा वास. रडलेच मी."

"ऑपरेशन कसलं?"

"खुब्याचं. अजून वॉकर घेऊन चालतो."

"वॉकर घेऊन शंभर लिटर उपसली?"

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं," एलेन म्हणाली.

सुमेधा पिंपाच्या तोंडाशी वाकली. ती घेत नसे, पण नाक शाबूत होतं. व्हॅनिला. ताजा भुसा. नुकतीच टोक काढलेली पेन्सिल. अक्रोड कुठेच नव्हता. चहानं मारला असेल, असं म्हणून ती सरळ झाली. कंबर कुरकुरली.

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात, एक त्याच्या घरी. कुलूप धड आहे."

"हेच पिंप अठ्ठ्याण्णवचं, हे कशावरून?"

"खडूनं लिहिलं होतं. काल बाहेर काढल्यावर पावसात गेलं. बाबांनी रंगवलेले आकडे तर काळ्या बुरशीनं कधीच खाल्ले. बाबा गेल्यापासून सगळा विश्वनाथचा खडू. मी विक्री बघते, 'स्वर्गा'त फारशी जात नाही."

वेगळी काढलेली पिंपं ठेवतात त्या खोलीला या धंद्यात स्वर्ग म्हणतात. म्हातारी आणि तरणी पिंपं तिथे शेजारी शेजारी झोपलेली असतात.

"बाकीच्यांवर काय लिहिलंय?"

"नव्व्याण्णव आहे. अठ्ठावीस आहे. काहींवर तर नुसत्याच खुणा, आकडेसुद्धा नाहीत."

"अठ्ठावीस? सालं लिहितो ना तो?"

"जागेचा नंबर असेल." एलेननं कपाळ चोळलं. "उद्या दहाला मी पोलिसांना फोन करणार आहे. माणूस स्वतः हो म्हणतो, मी आणखी काय करू? त्याच्यासारखा माणूस या वयात कोर्टात उभा राहिलेला मला बघवणार नाही. तुमच्याकडे उद्या दहापर्यंत वेळ आहे."

*

जगदाळ्यांचं घर गावात, हॉस्पिटलपासून जवळच. दार विश्वनाथरावांच्या पत्नीनं, वसुंधरावहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले, पण हातात पोह्यांची बशी तयार. स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीवर एक जाडजूड पितळी किल्ली लटकत होती. टेबलाशी विश्वनाथराव बसले होते, निफाडकडचा रापलेला चेहरा, सदुसष्ट वर्षांचा. भिंतीला टेकून त्यांचा मुलगा अभिषेक. तिशीचा, इथेच जन्मलेला, वेलिंग्टनला सॉफ्टवेअरमध्ये. वडिलांच्या ऑपरेशनपासून लॅपटॉप घेऊन इथेच मुक्काम.

"विश्वनाथराव, हे काम तुमचं नाही," सुमेधानं बसता बसता सांगून टाकलं.

"माझंच."

"कसं काढलंत?"

"हळूहळू."

"कशात?"

"बादल्यांत."

"तिथून गाडीपर्यंत बादल्या कोणी नेल्या? वॉकरनं?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"बरं. पाण्यात चहा किती घातलात?"

"घातला असेल."

"अहो, चहा कसा करतात तेसुद्धा यांना ठाऊक नाही," वहिनी मधेच म्हणाल्या. "उभ्या जन्मात आधण ठेवलेलं नाही."

"तू गप गं."

"आंटी, लीव्ह हिम अलोन ना," अभिषेक म्हणाला. "औषधाची वेळ झालीय त्यांची. आणि खरं सांगू? घेतलंही असेल त्यांनी, तर काय? सत्तावीस वर्षं त्यांनी ती पिंपं सांभाळली. लेबल बघितलंत? 'तीन पिढ्यांचे हात.' हात कोणाचे, तर तुर्नादांचे! बाबांना काय मिळालं? लोगोवालं जॅकेट."

"अभी!" विश्वनाथरावांचा आवाज चढला.

"जॅकेट उबदार असतं रे," सुमेधा म्हणाली. "मला एकोणीस वर्षांत पेन मिळालं." अभिषेक हसायच्या बेतात आला आणि थांबला.

तिनं पोहे संपवले. निघताना विचारलं, "टाके दाखवायला कधी जायचंय?"

"सतराला," वहिनी म्हणाल्या. "आज कितवी? अभी, बघ रे."

अभिषेकच्या डोक्याशेजारीच भिंतीवर मराठी दिनदर्शिका होती. भाकरीएवढे आकडे, गेलेल्या दिवसांवर वहिनींच्या फुल्या. त्यानं खिशातून फोन काढला. "ट्वेल्व्ह्थ. वेन्झ्डे."

दारापर्यंत सोडायला विश्वनाथराव वॉकर ओढत आले. हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी हो म्हणालोय. तेवढं लिहा आणि घरी जा. दमलेल्या दिसता."

"दमलेय खरी," ती म्हणाली.

*

संध्याकाळचं ऊन टेकडीवर असतानाच एलेननं स्वर्गाचं दार उघडलं. आतल्या भिंती काजळी धरल्यासारख्या काळ्या. हवेत गोड, जडसर वास. दोन्ही बाजूंनी पिंपं.

सुमेधा उंबऱ्यातच थांबली. पहिल्याच पिंपावर खडूनं लिहिलेलं वाचायला तिला अर्धा क्षणही लागला नाही. तिनं दुसरं वाचलं. तिसरं वाचलं.

"यातलं अठ्ठावीस कुठलं?"

एलेननं बोट दाखवलं.

सुमेधाला एकदम बसावंसं वाटलं. सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं. "जगदाळ्यांना बोलावून घ्या," ती म्हणाली. "मुलालाही. गाडी तोच चालवेल."

अर्ध्या तासानं चौघं त्या खोलीत होते. विश्वनाथराव वॉकरला धरून, अभिषेक दाराजवळ, एलेन कोपऱ्यातल्या एका पिंपाला टेकलेली. सुमेधानं कोनाड्यातला खडू उचलला आणि काळ्या भिंतीवर दोन आकडे काढले.

१४

"एलेन, वाचा."

"नाइंटी-एट. पिंपावर अगदी असंच होतं."

"अभिषेक, तू?"

"नाइंटी-एट. सो?"

विश्वनाथरावांनी डोळे मिटले.

"विश्वनाथराव, तुम्ही वाचता?" ते वाचेनात. "मग मी वाचते. हे आमच्या लिपीत आहे, एलेन. आमचा एक तुमच्या नवासारखा दिसतो, आमचा चार तुमच्या आठासारखा. हे अठ्ठ्याण्णव नाही. हे चौदा आहे. रिकामं झालं ते दोन हजार चौदाचं पिंप."

एलेन बघतच राहिली.

"तुमचं अठ्ठावीस म्हणजे चोवीस, गेल्याच वर्षी भरलेलं. दोन हजार अठ्ठावीस साल अजून उजाडायचंय. नव्व्याण्णव म्हणजे अकरा. ज्यांना तुम्ही नुसत्या खुणा म्हणालात, तेही आकडेच, फक्त तुमच्या कुठल्याच आकड्यासारखे न दिसणारे. अंगणातलं पिंप हुंगलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं मुरलेल्या लाकडाला अक्रोडाचा वास येतो म्हणालात. त्याला येत होता पेन्सिलीचा. तरणं पिंप होतं ते."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव—"

"जागेवर आहे. चोरानं चुकीचं पिंप उपसलं. खडू वाचून. आणि ज्याच्या हातचा तो खडू, तो ती चूक करणं शक्य नाही. विश्वनाथराव यातून सुटले." तिनं खडू खाली ठेवला. पुढचं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. "मला कोडं पडलं ते वेगळंच. काल पिंप बघितल्याबरोबर त्यांना कळलं असणार की हे चौदा आहे. 'एलेन, तुझं अठ्ठ्याण्णव सुरक्षित आहे', एवढं एक वाक्य बोलले असते, तर निम्मी आग तिथेच विझली असती. निर्दोष माणूस ते बोलला असता. चोर तर उड्या मारत बोलला असता. हे बोलले नाहीत. उलट चोरी अंगावर घेतली. का?"

ती एलेनकडे वळली.

"कारण ते वाक्य बोलताच पुढचा प्रश्न आला असता, की चूक वाचलं कोणी? किल्ल्या दोन. एक तुमच्या गळ्यात, आणि स्वतःची ब्रँडी चोरून तुम्ही मला शंका काढायला बोलावलं नसतं. दुसरी यांच्या स्वयंपाकघरात, खुंटीवर. त्या घरात माणसं तीन. यांना चालता येत नव्हतं. वहिनी रोज त्या दिनदर्शिकेवर फुल्या मारतात. त्यांना आकडे वाचता येतात. राहिला एक. मराठी फर्डं बोलतो, एक शब्द अडत नाही. पण तारीख विचारली, तर डोक्याशेजारची दिनदर्शिका सोडून खिशातला फोन काढतो."

"इनफ," अभिषेक म्हणाला.

"अभी, तू बोलू नकोस!" विश्वनाथराव ओरडले. "मी काढलं. मी!"

"बाबा, स्टॉप." अभिषेक दारापासून पुढे आला. "मीच घेतलं. मागच्या रविवारी, दुपारी. सगळे लंचला गेले होते. विकायला नाही, आय स्वेअर. तुमच्या रिटायरमेंटच्या सेंड-ऑफला बाटल्या करणार होतो. लेबलवर तुमचं नाव. फक्त तुमचं. तुम्ही पकडले जाल असं मला— मी सांगणारच होतो."

"कधी?" सुमेधानं विचारलं. "पोलीस आल्यावर?"



"ठेवलंयस कशात?" विश्वनाथरावांनी विचारलं.

"काय?"

"ब्रँडी. कशात ठेवलीस?"

"कॅन्समध्ये. गराजमध्ये, जॉन्सनव्हिलला."

"कसले कॅन?"

"प्लास्टिकचे."

"प्लास्टिकचे," म्हातारा म्हणाला, आणि इतका वेळ ताठ धरलेले त्याचे खांदे पहिल्यांदा खाली आले. "अकरा वर्षं लाकडात वाढवलेली पोर प्लास्टिकमध्ये कोंबलीस. विचारलं असतंस, तर काचेचे बुधले दिले असते मी."

सुमेधाला हसू आलं आणि तिनं ते गिळलं.

एलेन विश्वनाथरावांकडे वळली. मग म्हणाली, "मला फक्त सांग, विश्वनाथ, अठ्ठ्याण्णव कुठाय?"

"तू टेकलीयस त्यालाच."

एलेन चटका बसल्यासारखी बाजूला झाली. तिच्यामागे पिंपावर खडूनं ठसठशीत लिहिलेलं होतं, ९८. तिनं त्यावर तळहात ठेवला. "विम्याचा दावा मी मागे घेते," ती सुमेधाला म्हणाली. "पोलिसांना बोलावत नाही." मग अभिषेककडे वळून, "उद्या सकाळी कॅन इथे पाहिजेत. त्यानंतर या आवारात पुन्हा दिसू नकोस." आवाज मऊ करून विश्वनाथरावांना म्हणाली, "तू शुक्रवारी ये. तुझ्याशिवाय मी ते पिंप उघडणार नाही."

विश्वनाथरावांनी खिशातून पितळी किल्ली काढली आणि पिंपावर, तिच्या हाताशेजारी ठेवली.

"ज्याच्या घरातून किल्ली गेली त्यानं कुलूप उघडू नये," ते म्हणाले. "सगळ्या पिंपांची इंग्रजी यादी वसुंधरा पाठवेल."

"विश्वनाथ, मी तुला दोष देत नाही."

"मी देतो ना."

बाहेर पाऊस थांबला होता. अभिषेक पुढे जाऊन गाडीत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. विश्वनाथराव वॉकर टेकत सुमेधाजवळ आले.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी. सिडनीला असते."

"मग?" ते म्हणाले. "कबूल केलं होतं ना मी? माझं काय, चार दिवस लोक बोलले असते. पोरगा सुटला असता. कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही आत गेला असतात, विश्वनाथराव. आणि तो जन्मभर बाहेर राहिला असता, हे पोटात घेऊन."

"त्यानं पचवलं असतं."

"तुम्हाला वाटतं तसं?"

त्यांनी गाडीकडे बघितलं. मग वॉकर वळवला. अभिषेक उतरून दार उघडायला धावला, तर त्याला हातानंच मागे सारलं, आपलं दार आपण उघडलं, वॉकर त्याच्या हातात दिला आणि पाय एकेक करून आत घेतले.

सुमेधा आपल्या गाडीत येऊन बसली. वहिनींना फोन करावा का, याचा तिनं विचार केला, पण फोन केला नाही. उद्या लेव्हिन गावात एक भिजलेला गालिचा बघायचा होता. समोरच्या गाडीत बापलेक शेजारी शेजारी, काचेतून सरळ पुढे बघत बसले होते. मग विश्वनाथराव काहीतरी बोलू लागले. हात हलत होते, मान हलत होती, बोलणं थांबेचना. अभिषेकनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. म्हाताऱ्याचा हात हवेत तसाच राहिला क्षणभर, आणि मग पोराच्या पाठीवर उतरला.

गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. सुमेधानं आपली काढली आणि वाट मोकळी करून दिली.