आई फोटोत झोपायची

बसा भाऊ, बसा. प्रिंट यायला जरा वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. ऐकण्यासारखी आहे, आणि खरं तर तुम्हालाच सांगायची आहे. मघाशी तुम्ही दुकानाबाहेर वहिनींचा आणि पोरीचा फोटो काढत होतात ना, मी काचेतून बघत होतो. अंगठा आला त्यात. वहिनींचं कपाळ उडालं असणार आणि पोरगी हललेली. लाजता काय? चेष्टा नाही करत. इतका वाईट फोटो काढणारा माणूस मला फार दिवसांत भेटला नव्हता, म्हणून तर तुम्हाला आत बसवलं.

आमचा बाप असाच होता. ट्रक चालवायचा. त्याच्याकडे एक काळा डबडा कॅमेरा होता, रोल घालायचा. बापाच्या फोटोत जमीन तिरकी, माणसं एका कोपऱ्यात, कुणाला मुंडकं नाही, आणि पुढ्यात बापाची स्वतःची लांबच लांब सावली. वर त्याची एक खोड होती. आधी बटण दाबायचा आणि मग ओरडायचा, "रेडी!" आता काय रेडी, कप्पाळ? मी नाक खाजवतोय, ताई माझा कान धरतेय, आणि आईचे डोळे मिटलेले. कायम मिटलेले. समुद्रावर, डोंगरावर, ताईच्या लग्नात, मी पाळण्यात असताना. एक फोटो असा नाही की ज्यात आई जागी आहे.

आम्ही चिडवायचो, "आई फोटोत झोपते."

बाप म्हणायचा, "झोपू द्या रे तिला. दिवसभर राबते, तेवढीच डुलकी."

मी शाळेत काही फार टिकलो नाही. एका स्टुडिओत फरशी पुसायला लागलो आणि तिथंच शिकलो. उजेड कुठून घ्यायचा, हनुवटी किती खाली, बटण कधी दाबायचं. दाबायचं म्हणजे काय, तो क्षण यायच्या जरासं आधीच बोट हलायला लागतं. डोक्याला पत्ता नसतो. हात बसला म्हणतात ना, ते. पुढं हे दुकान टाकलं. मागं दोन खोल्या, तिथं आम्ही राहतो. मी, बायको आणि आई.

पण एक सांगतो भाऊ, एकदा हात बसला की माणूस घरात चालत नाही. बायको भांडत असली की मला तिच्या गालावरची सावली दिसायची. ती म्हणायची, "अहो, मी काय बोलतेय ते ऐका. उजेड नंतर बघा!" दाजी एकदा सहलीचे फोटो दाखवायला आले, कौतुकानं. मी म्हटलं, "दाजी, हे फोटो आहेत की अपघात?" सगळे हसले. दाजीही हसले. पण पुढच्या वेळी त्यांनी फोन खिशातून काढलाच नाही. ताई तर सरळ माझ्या हातात फोन द्यायची. "तूच काढ बाबा, तुला आमचं काही पटत नाही." मग सगळे ताठ उभे राहायचे. फोटो झकास यायचा. आणि घरात कुणी उगीच, सहज म्हणून फोटो काढायचं बंद झालं.

बाप गेला. नंतर एकदा आई दुकानात येऊन बसली, जिथं तुम्ही बसलात तिथंच. म्हणाली, "फोटोत गावाचे डोळे उघडतोस रे. माझे कधी उघडणार? एकदा तरी मला जागी दाखव."

तसं ते अवघड नव्हतं. ज्याचे डोळे मिटतात त्याला आधीच मिटायला सांगायचं. मग म्हणायचं, उघडा, आणि दाबायचं. त्या खिडकीसमोर बसवली तिला. काय फोटो आला म्हणून सांगू! बुबुळात खिडकीचा उजेड, चौकोनी, मधे गजाची बारीक रेघ. डोळ्यात तो उजेडाचा ठिपका असला ना, की फोटोतलं माणूस जिवंत वाटतं. आईनं तो फोटो बराच वेळ हातात धरला होता.

तिथं मला हुरूप आला. म्हटलं, एक कशाला, सगळेच करू. बापाचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. जमिनी सरळ केल्या, सावल्या पुसल्या, मुंडकी जागेवर आणली. आणि सगळीकडे आईला डोळे बसवले. डोळे कुठले? तेच, खिडकीतले. दुसरे होतेच कुठं? समुद्रावरच्या पोरसवदा आईला माझ्या म्हाताऱ्या आईचे डोळे. जरा विचित्र दिसत होतं, नाही म्हणत नाही. बायको मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सगळीकडून एकदम बघतायत हो आई."

मी म्हटलं, "बघू दे की. आयुष्यभर झोपली फोटोत."

नवे अल्बम केले, एक आमचा, एक ताईचा. जुने फोटो, निगेटिव्ह, दोन्ही घरचं सगळं कचरागाडीत दिलं. माझ्या दुकानाची अब्रू होती ना! फोटोवाल्याच्या घरात असले फोटो?

ताई अल्बम न्यायला आली, तेव्हा सगळे मागच्या खोलीत बसलो होतो. आई पानं उलटत होती, खूश होती. एका फोटोवर थांबली आणि हसायला लागली. "मेला, बटण दाबताना जीभ बाहेर काढायचा!"

ताईपण हसली. "हो ना! एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून." मग थांबली. "पण आई, तुला काय माहीत? तुझे डोळे तर तेव्हा..."

आई म्हणाली, "आता दिसतो ना."

बायकोनं चहा टाकला.

आईला जेवणानंतर आडवं व्हायची सवय. पलंगावर भिंतीकडे तोंड करायची, की मिनिटात घोरायला लागायची. तिच्या घोरण्यावर दुकानात गिऱ्हाइकं हसायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मागं शांत आहे. पडदा सरकवून बघितलं तर आई आडवी, शाल पांघरलेली, आणि डोळे उघडे.

"झोप नाही आली?"

"येते रे. पण डोळे मिटत नाहीत."

मी म्हटलं, वय झालं. बायकोनं पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. पट्टी उचलली की खाली डोळे उघडेच. आई चिडचिडी झाली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून दाराशी, दारातून परत पलंगावर. "वारा फार आहे," म्हणायची. खिडक्या बंद असायच्या. "वाळू जातेय डोळ्यात. तुझा बाप उठू देत नाही, म्हणतो थांब, एक काढतो." मग लगेच, "पोर रडतंय, पाळणा हलवा कुणीतरी." एका दमात समुद्रावर आणि एका दमात पाळण्याशी.

मी म्हटलं, "आई, तू इथं आहेस. घरात."

"इथंपण आहे," आई म्हणाली.

डॉक्टर आला. शहाणा माणूस, मस्करी करत आला. "काय मावशी, पहारा देताय काय?" बॅटरी काढली आणि तिच्या डोळ्यात मारली. डावीकडून मारली, उजवीकडून मारली. मी बाजूलाच होतो. भाऊ, डोळ्यात उजेड पडला की तो ठिपका उजेडाबरोबर सरकतो. माझा धंदाच आहे तो. बॅटरी सरकत होती, ठिपका सरकत नव्हता. चौकोनी होता. मधे बारीक रेघ होती.

आणि आईचं तोंड भिंतीकडे होतं. खिडकी तिच्या पाठीमागं, वर बायकोनं चादर टांगलेली.

डॉक्टरनं तिची नाडी धरली. सोडली. परत धरली. मग म्हणाला, मोठ्या दवाखान्यात दाखवा, आणि निघाला. त्याची बॅटरी अजून इथंच आहे. न्यायला आला नाही.

मी कॉम्प्युटरवर बसलो. म्हटलं, जे केलं ते उलटं करू. पण आईच्या मिटल्या पापण्या आणायच्या कुठून? एक फोटो शिल्लक नाही, कॉम्प्युटरवरचे मूळ फोटोही तेव्हाच पुसले होते. मग हातानं रंगवल्या. कातडीचा रंग, बारीक सुरकुत्या, सगळं. आतून आईचा आवाज आला.

"काहीतरी चिकटलंय रे. काढ. काढ ते."

मी पुसून टाकलं.

मग कॅमेरा घेऊन तिच्यासमोर बसलो. एक फोटो पाहिजे होता, मिटल्या डोळ्यांचा. एकच. काढत राहिलो. सगळ्यांत डोळे उघडे. सगळे सरळ. सगळे उत्तम.

वाईट काढायला गेलो. तिरका धरला, तरी बोट नेमक्या क्षणासाठी थांबायचं. स्वतःचे डोळे मिटून काढला. चांगला आला.

कॅमेरा बायकोला दिला. ती इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी, तिचाही हात बसलाय.

दाजींना बोलावलं. हात जोडले. "दाजी, तुमचा तसला एक काढा." दाजी बिचारे रडकुंडीला आले. त्यांचा फोन नवा आहे. त्याला कुणी डोळे मिटलेलं चालतच नाही, तो स्वतःच दुसरा फोटो निवडतो.

आई आता चिडत नाही. बोलतही नाही फारसं. कालच एवढं म्हणाली, "झोपव रे मला."

भाऊ, तुमचे फोटो केव्हाच झालेत. हे घ्या. पैसे राहू द्या.

आणि हा घ्या. हो, बापाचाच. माळ्यावर सापडला, आत त्याचाच रोल आहे, ट्रकचेच फोटो काढून संपवलेला, एक फोटो उरलाय. मी त्याला हात लावत नाही. फडक्यात गुंडाळूनच ठेवलाय, बघा.

पडदा मी सरकवतो. आत अंधार आहे, चादर आहे खिडकीवर. तुम्हाला आधी ते दोन चौकोन दिसतील, खिडकीसारखे. तिथंच धरा. घाबरू नका, ती माणसाला काही करत नाही, नुसती बघते. अंगठा आला तर येऊ द्या. तिरका आला तर फार बरं.

फक्त एवढं करा भाऊ. तिला सांगू नका, मोजू नका. आधी दाबा.

आणि मग म्हणा, रेडी.