डॉक्टरांचा नंबर

मनुष्यजात आज जिथे पोचली आहे ती विश्वासाच्या बळावर नव्हे, तर खात्री करून घेण्याच्या बळावर, असं तपासनीसांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख भिंगातून वाचता वाचता मांडलं. तोवर त्यांच्या बायकोने पुड्यातलं शेवटचं बिस्कीट चहात बुडवून संपवलं होतं.

तपासनीस हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. पण त्यात खोटं काही नव्हतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. दुकानदाराचं वजन खरं निघालं की त्यावर आपल्याला मिळालेल्या क्रमांकाचा ठसा हातोडीने ठोकायचा, आणि तराजूचाच संशय आला की दोन पारड्यांतली वजनं अदलाबदल करून पुन्हा तोलायची, ही त्यांची विद्या. निवृत्त झाल्यावर ठसा खात्यात जमा झाला, सवय घरी आली.

बायकोला कित्येक महिने झोप नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, घरात ती भिंतीला हात लावून चालू लागली होती. पण डॉक्टर गाठायचा म्हणजे आधी तो तपासायला हवा. एकाने नोंदणीचं नूतनीकरण केलं नव्हतं. दुसऱ्याच्या पाटीवरची पदवी वैद्यकीय परिषदेकडच्या पदवीशी जुळेना. तिसऱ्याने प्रमाणपत्र पडद्यामागे टांगलं होतं, तेवढ्यावरच तो बाद.

"मी औषध मागितलं होतं," बायको म्हणाली, "चौकशी आयोग नव्हता मागितला."

आणि एके दुपारी ती एकटीच जाऊन आली. कुलूप-किल्ल्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दवाखाना होता म्हणे. तिने थेंब घेतले आणि पडल्या पडल्या घोरू लागली. तपासनीस खुर्ची ओढून ते घोरणं ऐकत बसले. इतकं गोड त्यांनी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं. म्हणूनच त्यांना संशय आला.

पुढच्या खेपेला तेही बरोबर गेले. हिरवट भिंती, स्पिरिटचा वास, बाकावर जांभया देणारी माणसं. डॉक्टर उंच, टकले आणि पेशंटांपेक्षा दमलेले. त्यांच्या मागे खिळ्यावर फ्रेममध्ये प्रमाणपत्र.

"तुमचा नोंदणी क्रमांक तपासला तर चालेल?"

"तपासा ना," डॉक्टर म्हणाले. "बरेच जण तपासतच नाहीत हो." शाळा सुटायची घंटा झाली की मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

परिषदेच्या फोनवर बराच वेळ गाणं वाजलं. मग एका बाईंचा कंटाळलेला आवाज आला.

"क्रमांक बरोबर आहे. महिला डॉक्टर. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा."

केसांचीही नोंद ठेवतात हे तपासनीसांना नवीन होतं. "अहो बाई, मी बघून आलोय. पुरुष आहेत, आणि डोक्यावर केस औषधालासुद्धा नाही."

"असं होय," आवाज म्हणाला. "दुरुस्त करून ठेवते."

तपासनीसांना वाटलं, कागद दुरुस्त होतील.

पुढच्या वेळी खुर्चीत पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. सोनेरी काड्यांचा चष्मा. खिळा तोच, फ्रेम तीच, आत बाईंचा फोटो, कडांनी पिवळा पडलेला. निघताना बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "पुन्हा फोन करणार ना तुम्ही?"

जिन्यात त्यांनी बायकोला गाठलं. "डॉक्टर कधी बदलले?"

"पहिल्यापासून ह्याच आहेत की."

"मग ते टकले?"

"माझ्या ओळखीत टक्कल एकच आहे, आणि ते माझ्याबरोबर जिना उतरतंय." झोप मिळाल्यापासून तिची जीभ पूर्ववत झाली होती.

काही दिवस तपासनीसांनी फोनला हात लावला नाही. बायको झोपत होती, हसत होती. तेवढं पुरेसं होतं. पण संशय मनातून जाईना. डॉक्टर खरे असतील, तराजूच खोटा असेल तर? पारडी बदलून बघणं भाग होतं. परिषदेला असा क्रमांक द्यायचा, जो कुठल्याच डॉक्टरचा असू शकत नाही.

"तू हो पुढे. मी एक फोन करून येतो."

"करा बाई," चपला घालत बायको म्हणाली. "तेवढ्याने तुम्हाला झोप लागत असेल तर करा."

गाणं वाजलं, थांबलं. तपासनीसांनी आपल्या ठशाचा क्रमांक सांगितला.

"बरोबर आहे," आवाज म्हणाला. "पुरुष. टक्कल. खिशात भिंग."

तपासनीसांचा हात खिशाकडे गेला.

"चूक आहे ते. मी डॉक्टर नाही."

"असं होय. दुरुस्त करून ठेवते."

ते धापा टाकत जिना चढले. बाकावरची माणसं त्यांना बघून उठून उभी राहिली. त्यांत बायकोही होती.

"अगं, चल घरी."

कोणाला म्हणाले ते बघायला ती मागे वळली.

आत खुर्ची रिकामी होती. खिळ्यावर फ्रेम. फ्रेममध्ये त्यांचा फोटो, कडांनी पिवळा पडलेला. खाली त्यांचा क्रमांक. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. बोटावर वर्षांची धूळ आली.

पाय भरून आले होते. ते बसले. खुर्चीला त्यांच्याच अंगाचा खोलगटपणा होता.

बायको आत आली, पर्स मांडीवर घेऊन समोर बसली. डोळ्यांखाली पुन्हा काळं होतं. तिच्या चपलेचा तुटका अंगठा तपासनीसांनी गेल्याच आठवड्यात शिवून आणला होता. तो शिवलेलाच होता.

"झोपच नाही हो, डॉक्टर. कित्येक महिने."

तपासनीसांनी खिशातून भिंग काढलं.

"आणि एक, रागावू नका हं." तिने पर्समधून पेन काढलं. "आमच्या ह्यांना सगळं तपासून घ्यायची खोड आहे. घरी फोनपाशीच बसलेत. तेवढा तुमच्या मागच्या फ्रेममधला नंबर जरा वाचून दाखवता का? मला चष्म्याशिवाय दिसत नाही."