पुढची ओळ

इर्मा बसमधून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत लेकीचा भरतकाम केलेला सदरा होता, स्वच्छ इस्त्री केलेला. ओरावा नदीकाठचं हे गाव एका थोर कवीचं. चौकात त्याचा पुतळा, शाळेला त्याचं नाव, आणि दर जूनमध्ये कवितापठणाची स्पर्धा. गेल्या जूनमध्ये इर्माची मिलोता इथंच कविता म्हणताना मध्येच अडली. पहिल्या रांगेतून आईनं पुढची ओळ पुटपुटली, ती परीक्षकांच्या कानावर गेली आणि पोरगी बाद झाली. संध्याकाळी पुलावर तिचे बूट सापडले. ती काही सापडली नाही.

मिलोता तेव्हा जिच्याकडे उतरली होती, त्या म्हाताऱ्या फिलोमेनाच्या अंगणात आज गावच्या पोरी मोरेना, म्हणजे पेंढ्याची बाईएवढी बाहुली, बांधत होत्या. हिवाळा सरला की ती पेटवून नदीत सोडायची.

"खुळी का काय तू?" सदरा बघून फिलोमेना म्हणाली. "मोरेनाला जुनेर घालतात गं!"

"काही दिल्याशिवाय नदी परत देत नाही म्हणतात, मावशी."

"म्हणणाऱ्यांचं काय जातंय!" तिनं सदरा घेतला. "मोरेना म्हणजे मरण, बाई. परतताना वळून बघू नकोस. बघशील तर मागोमाग घरी येईल."

इर्मानं मान हलवली. दुधाची तहान ताकावर, तशी तिची गत झाली होती. जिवंत लेक कुठून मिळणार? पुरायला निदान हाडं तरी मिळावीत, एवढंच ती मागत होती.

गाणी म्हणत पोरी नदीवर गेल्या. मोरेना पेटली, पाण्यात पडली आणि सगळ्या माघारी फिरल्या. इर्मा शेवटी होती. जळक्या पेंढ्याचा वास तिच्या नाकातून जाईना.

मागून आवाज आला. हळू, पाठ केलेला. बुडालेल्या तराफेवाल्याला त्याची बायको घरी बोलावते, ती मिलोताची स्पर्धेतली कविता...

इर्मा वळली. कोणती आई वळली नसती? काठावर कोणी नव्हतं. धुराची एक रेघ तेवढी होती.

घरी फिलोमेनानं आंबट कोबीचं सूप वाढलं. फाटकापाशी कविता पुन्हा सुरू झाली होती.

"मावशी... ऐकू येतंय?"

"काय? सूप निवतंय, खा."

आवाज अंगणातून पायरीवर आला, दाराला टेकला.

"पाणी ओसरलं... दिवा लावला..."

आणि अडला. तिथंच. तेव्हासारखाच.

इर्मानं तोंडावर हात दाबून धरला. बाहेर कोणीतरी वाट बघत होतं, थंडीनं दात वाजत होते. किती वेळ सोसणार? लेकीनं अडावं आणि आईनं गप्प बसावं, हे तिला तेव्हा जमलं नव्हतं, आताही जमलं नाही. तिनं हात काढला आणि दाराच्या फटीशी पुढची ओळ पुटपुटली.

"ये आता... दार उघडंच आहे."

बाहेर सगळं शांत झालं. मग अगदी तिच्या कानाशी, दाराच्या आतल्या बाजूनं, कोणीतरी कळवळून म्हणालं, "आई... गप्प ना!"

आणि कविता पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

फिलोमेना फडकं घेऊन उठली. "पाय पुसून यायचंस की गं," ती कुरकुरली, "केवढा ओला पेंढा आणलास घरात!"

इर्माचे बूट चुलीपाशी होते. कोरडे.