साकुमगळु

"साकु म्हणजे पुरे ना, दोड्डव्वा? मग मी काय... पुरे झालेली मुलगी आहे?"

चैत्राचा तो प्रश्न ऐकला आणि सिद्धव्वाच्या हातातली शेंगापोळी ताटावरच थबकली! जिच्या जिभेला हाड नाही अशी शेजारची गौरव्वा मघाशी येऊन बसली होती, आणि पोरीच्या हनुवटीला हात लावून आत्ताच म्हणाली होती, "हीच काय गं तुमची साकुमगळु? किती वाढली की!" मस्कतमध्ये वाढलेल्या चैत्राला कन्नडातले दहाबारा शब्द तेवढे यायचे, तेही या तीन महिन्यांत जेवता जेवता मोठ्या काकूनं, तिच्या दोड्डव्वानं, शिकवलेले. वाढणाऱ्याला पुरे म्हणायचं तर साकु. मगळु म्हणजे लेक. पण दोन्ही शब्द जोडले की त्याचा अर्थ पोटची नव्हे, पाळलेली लेक असा होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं... कसं शिकवणार?

सोळा वर्षांपूर्वी धाकट्या जावेची, शैलश्रीची, कूस तिसऱ्यांदा रिकामी झाली, तेव्हा दोन मुलांच्या पाठीवर झालेली आपली तान्ही लेक सिद्धव्वानं तिच्या ओटीत घातली होती. कधी मागणार नाही, कधी सांगणार नाही, असं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून दिलेलं वचन! आता दिराची, बसवप्रभूची, तिकडची नोकरी सुटली, बिऱ्हाड गावी, हळ्ळीखेडला, परत आलं. पण ते घरात काही मिसळेना. बसवप्रभू घरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांशी साहेबासारखा बोलायचा, शाळेत कुणी पोरीच्या मराठीला हसायचं तर कुणी कन्नडला, आणि शैलश्री... ती तर चैत्राच्या केसांनासुद्धा सिद्धव्वाचा हात लागू देत नव्हती. सिद्धव्वाला काही कळेनासं झालं होतं. माया केली तर जाऊ दचकते, दूर राहिलं तर पोर हिरमुसते... वागावं तरी कसं?

"आई, परत जाऊ या," चैत्राला हुंदका फुटला. "इथं मी कुणालाच नकोय!"

शैलश्री पांढरीफटक पडून सिद्धव्वाकडे पाहत होती. एक शब्द... एकच शब्द, की लेक आपली! मग सिद्धव्वानं पोळी ताटात वाढली आणि वर तुपाची धार सोडली.

"खुळी का काय! कामून रडायलीस?" ती म्हणाली. "ह्या घरात समदी पोरंच. लेक तू एकलीच. म्हणून म्हणायलेत, एवढी एक लेक साकु, दुसरी न्हाई आली तरी चालतंय! व्हय का न्हाई, गौरव्वा?"

गौरव्वानं जीभ चावली. "व्हय, व्हय! तसंच म्हणायचं व्हतं मला."

चैत्रा डोळे पुसत हसली आणि पोळीचा घास मोडला. शैलश्रीचं जेवण मात्र तसंच राहिलं.

संध्याकाळी सिद्धव्वा परसात बसली होती. शैलश्री लेकीला हाताला धरून घेऊन आली. दुसऱ्या हातात तेलाची वाटी न् फणी.

"अक्का, आजपासून हिची वेणी तुम्हीच घाला."

सिद्धव्वानं केसांना तेल लावलं. कपाळाजवळचे केस कुरळे, थेट तिच्यासारखेच! "हळू ना, दोड्डव्वा," चैत्रा कुरकुरली आणि वेणी होताच आत पळाली.

शैलश्रीनं सिद्धव्वाच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी चोरासारखी वागले, अक्का! तुम्ही तिला परत घ्याल म्हणून भ्याले... आता सांगू या तिला. तुमची आहे ती!"

"आई!" आतून चैत्राची हाक आली.

दोघींनीही मान वर केली.

"जा," सिद्धव्वा म्हणाली. "तुला बोलवायलीय."

शैलश्री हलेना. "आणि तुम्हाला, अक्का? तुम्हाला काय उरलं?"

सिद्धव्वानं फणीत अडकलेले चार केस सोडवले, बोटाला गुंडाळले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले.

"साकु," ती म्हणाली. "एवढं साकु."