टेकडीचं अंतर

मोजणीदाराचे गुडघे रोज सकाळी त्याच्याआधी जागे होत. एक कुरकुरे, दुसरा ठणके. दोघांची समजूत घालत तो उठे आणि मागच्या खिडकीशी जाऊन उभा राही. तोवर बायकोने केर काढायला घेतलेला असे. दाराच्या फटीतून वाळू आत यायची, ती सुपलीभर बाहेर टाकली की संध्याकाळपर्यंत तेवढीच पुन्हा आत. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

खिडकीतून टेकडी दिसे. नुसती वाळू, पण ऊन चढताना तिची उजवी बाजू पिकल्या पपईसारखी केशरी होई आणि डावी निळसर राही. मधली कड इतकी रेखीव, की कुणी सुरीने कापली असावी. वाऱ्याने अंगावर बारीक लाटा उमटत, आणि दुपारी कधीकधी ती पोटातल्या पोटात घुमे. मोजणीदाराला त्या वेळी काही बोललेलं खपत नसे.

"लोकांना दुरून डोंगर साजरे," बायको म्हणे, "तुम्हाला जवळूनही. माझी सवतच आहे ती. फरक एवढाच, की सवतीचा केरही मीच काढते."

टेकडी वाऱ्याबरोबर सरकत असे. तिच्या पायथ्यापासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर दर सोमवारी मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच त्याचं काम. त्याची नक्कल गाडीने मुख्य कचेरीत जाई. अंतर शंभर मीटरच्या आत आलं, की दोन्ही क्वार्टर रिकामी करून माणसांची शहरात बदली करायची, असा नियम होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पंपवाला एकटा राहायचा.

गेल्या वर्षी गुडघे फारच सुजले. तीन सोमवार मोजणीदार गेलाच नाही, घरी बसून अंदाजाने आकडे टाकले. चौथ्या सोमवारी मन खाऊ लागलं म्हणून लंगडत गेला आणि टेप लावली. अंतर चारशे बारा मीटर भरलं. शेवटचा अंदाज त्याने नेमका तेवढाच लिहिला होता.

योगायोग, तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात वादळ झालं. त्याने घरूनच पुन्हा चारशे बारा लिहिलं आणि मग मोजायला गेला. चारशे बारा. कडेवरून वाळूचा धूर उडत होता, पण पायथा जागचा हलला नव्हता. मागच्या खेपेच्या त्याच्या पावलांचे ठसेसुद्धा जसेच्या तसे होते.

तो घाबरला, आणि खरं सांगायचं तर सुखावलाही. एवढ्या अंतरावरून टेकडी सगळ्यांत सुंदर दिसत होती. त्याने तोच आकडा चालू ठेवला. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डोक्याला हात लावला असता, आणि समजावून सांगण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"साहेब," पंपवाला एकदा म्हणाला, "माझ्या छपराचा पत्रा उडाला. तुमची टेकडी हलत कशी नाही?"

"मोजमाप तसंच येतंय."

"मोजमापाचं नाही विचारलं मी."

मुलगी शहरात होती, तिचे दिवस भरत आले होते. बायकोला जायचं होतं, पण नवऱ्याला त्या गुडघ्यांवर एकटं सोडून तिचा पाय निघेना. तिने त्याला बदलीचा अर्ज करायला लावला. महिन्याने उत्तर आलं. अंतर स्थिर, धोका नाही, बदली नामंजूर.

तिने रजिस्टर उघडलं आणि पानं उलटत गेली.

"वर्षभर एकच आकडा? तुम्ही जाताच कधी मोजायला?"

त्याने कोपऱ्यातली टेप उचलली.

"पोर तिकडे आई आई करतेय, आणि तुम्ही या वाळूसाठी खोटं लिहिताय." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "थकले हो मी."

त्याला लाज वाटली. पण टेप घेऊन तो बाहेर पडला, कारण सोमवार होता. टेकडीला वळसा घालून तो पलीकडच्या सावलीत पाय पसरून बसला. आज बायकोला सगळं सांगून टाकू, त्याने ठरवलं. मग डोळा लागला.

ऊन तोंडावर आलं म्हणून तो जागा झाला.

सावली गेली होती. समोर सपाट, टणक जमीन होती. टेकडी नव्हती.

ती घराच्या मागे उभी होती.

गुडघे विसरून तो धावला. घर शाबूत होतं. वाळू मागच्या भिंतीला अलगद टेकली होती, खिडकीच्या चौकटीपर्यंत. खोलीत एक कण नव्हता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, आणि आजच्या तारखेपुढे बायकोच्या अक्षरात शून्य लिहिलेलं होतं. तिला फक्त बदली हवी होती.

ती घरात नव्हती.

त्याचं डोकं चालेना. त्याने पेन उचललं, शून्य खोडलं आणि वर चारशे बारा लिहिलं. खिडकीत उजेड आला. टेकडी आपल्या जागी गेली होती.

पंपवाला दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, हे काय केलंत? वहिनी टेकडीवर होत्या. खिडकीतून बाहेर पडल्या, हात लावून बघितला, आणि चढत गेल्या. मी हाका मारल्या. म्हणाल्या, जवळून बघितल्यावर कळलं."

त्याने टेकडी पायांखाली घातली. वर कुणी नव्हतं, ठसेही नव्हते. घरी येऊन खिडकीत उभा राहिला, तर कडेवर निळा ठिपका दिसला. सकाळी ती निळ्या कपड्यांत होती.

एकदम शून्य लिहायचा धीर त्याला होईना. मागच्या वेळी घाईच केली होती. तो रोज थोडं थोडं कमी लिहू लागला. चारशे, तीनशे ऐंशी. ठिपक्याचं माणूस झालं. शंभराच्या आत आल्यावर बदलीचा हुकूम आला आणि पंपवाला सामान बांधून गेला. जाताना तो खिडकीकडे बघत नव्हता.

मुलीचा फोन आला. मुलगी झाली होती. "बाबा, आईला द्या ना."

"बाहेर बसलीये," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

आज अंतर अकरा मीटर आहे. तिच्या केसांचा अंबाडा ओळखता येतो. ती बसली आहे, हात मांडीवर ठेवून, पाठमोरी. त्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी काठी घेतली, बाहेर पडला, टेकडीला पूर्ण वळसा घातला आणि पलीकडून तिच्याकडे बघितलं.

तिथूनही तिची पाठच दिसते.