हेडलाइटचे रविवार

“बंद करू नका! आफ माडबेडी... तसेच थांबा!”

देवश्री इतक्या जोरात ओरडली की मोटरसायकलवरचा तरुण चावीवर हात ठेवून तसाच थिजला. बिचारा पत्ता विचारायला थांबला होता. पण त्याच्या हेडलाइटच्या झोतात कृष्णाबाई उभी होती आणि समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली होती — खांद्याला पिशवी, हातात डबा, अगदी ठसठशीत.

“धनलक्ष्मी, खडू घे! तुझ्या आईच्या सावलीची कड गिरव.”

नववी-दहावीची सात मुलं भिंतीकडे धावली.

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या गल्लीत दिवे नव्हते. कारखान्यातली पाळी सुटली की या मुलांच्या आया अंधारात चाचपडत बस स्टॉप गाठायच्या. अर्ज दोनदा देऊन झाले होते. देवश्री दर रविवारी या मुलांना चित्रकला शिकवायची. तिनं एकदा विचारलं, “तुम्हाला इथं रोज काय दिसतं?”

“काहीच दिसत नाही, अक्का.”

मग तेच काढायचं ठरलं — अंधारात न दिसणाऱ्या आया, भिंतीवर सावल्या म्हणून. भिंतीच्या मालकानं हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आया मुद्दाम डबा-पिशवी घेऊन उभ्या राहू लागल्या. पण मोबाइलच्या उजेडात सावली फिकी पडायची, कड हलायची.

“सांगा बगू, कधी बंद करू?” तरुण मराठीत म्हणाला. बोलणं बेळगावकडचं. “बॅटरी उतरंल की ओ.”

“मराठी येतं तुम्हाला?”

“घरात कन्नड, शाळा मराठी. ओरडा खायला दोन्ही चालतंय.”

महांतेश त्याचं नाव. जवळच्याच कारखान्यात लेथवर होता. पत्ता विचारायचा राहूनच गेला. पुढच्या रविवारी मात्र तो बरोबर साडेसहाला हजर!

एकदा त्यानं गाडी फारच पुढे घेतली आणि कृष्णाबाईची सावली भिंतभर झाली. मुलं खो-खो हसली. तो घाईनं गाडी मागे ढकलू लागला.

“राहू द्या,” देवश्री म्हणाली. मग मुलांकडे वळली. “खरी ठेवायची की मोठी? तुम्ही ठरवा.”

बराच वाद झाला. शेवटी धनलक्ष्मी म्हणाली, “मोठीच. आहे तेवढी होती तोवर कोणाला दिसलीच नाही ना आई.”

मुलं रंगाला लागली. महांतेश हळूच म्हणाला, “तुमी कधी सांगतच न्हाई होय, हे बरोबर, ते चूक?”

“सांगितलं की ते माझं चित्र होतं.”

“अवघड हाय ओ तुमच्यासंगट.”

गंमत अशी, की तो नेहमी दिव्याच्या मागे असायचा. तिला त्याचा फक्त आवाज यायचा, मशीनच्या तेलाचा वास यायचा. भुरभुर पाऊस आला की झोतात थेंब दिसायचे आणि त्यापलीकडे नुसता एक आकार...

“तुम्हाला मी दिसते. मला तुम्ही नाही,” ती एकदा म्हणाली.

“इकडं बगन्यासारखं काय न्हाई.”

“ते मी ठरवीन.”

दिवा उगाचच एकदा लुकलुकला.

नऊ रविवारांत एकवीस बायका भिंतीवरून चालू लागल्या. लोक थांबून फोटो काढायचे, ते मोबाइलवरून कुठं कुठं पोचले. एके दिवशी पालिकेचे साहेब आले, मागून दिव्यांचे खांब आले. गल्ली लख्ख झाली.

त्या रविवारी आयांनी लिंबू पिळलेला पिवळा भात, चित्रान्न आणलं. मुलं नाचली. सगळे आले... महांतेश आला नाही.

हेडलाइटची गरजच उरली नव्हती. दिव्यांसाठी देवश्रीच तर झटली होती, आणि आता त्याच लख्ख रस्त्याकडे बघताना तिला जुना अंधार आठवत होता. तिची तिलाच लाज वाटली.

“अक्का, कोणाची वाट बघताय?” धनलक्ष्मीनं डोळे मिचकावले. “स्वल्प... जरा फोन तरी करा!”

“गप्प बस. ब्रश धू.”

तिनं मेसेज लिहिला, पुसला. ‘मुलं आठवण काढतात’ — खोटं नव्हतं, पण तेही पुसलं. पुढचा रविवारही तसाच गेला.

गुरुवारी दुपारी पहिली पाळी सुटताना ती त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. निळ्या कपड्यांची गर्दी बाहेर पडली. शेवटी तो आला, हेल्मेट हातात. भर उन्हात तिनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. भुवईवर एक छोटा व्रण होता. कान लाल झाले होते.

“काय काम होतं?”

“नाही. काम काही नाही.”

“मी... दोन्ही रविवारी कोपऱ्यापर्यंत आलतो,” तो खाली बघत म्हणाला. “दिवे दिसले. म्हटलं, आता कशाला म्हणून जायचं?”

मागून त्याचे सोबती खाकरले. देवश्रीचे पाय मागे वळायला बघत होते.

“मला आवडता तुम्ही, महांतेश,” ती म्हणाली. “म्हणून यायचं.”

तो बघतच राहिला. मग त्यानं तिच्याकडे हात पुढे केला, तेलानं काळी झालेली बोटं पाहिली आणि झटकन मागे घेतला. हेल्मेट तिच्या हातात दिलं.

“थांबा हं... जाऊ नका,” फाटकाकडे पळता पळता तो ओरडला. “हात धुऊन आलोच!”