वारा सरला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या काळी दवाखान्यात एकच गोष्ट विचारत. वारा सरला का? सरला म्हटलं की चहा, नाही म्हटलं की ओठांवर ओला कापूस. हसू नका. सत्याहत्तर सालच्या मार्चात अपेंडिक्स काढून मी स्वतः वर्ध्याच्या एका दवाखान्यात, नाव सांगत नाही, तीन दिवस या प्रश्नावर लटकलो होतो.

शेजारच्या खाटेवर रोहण्याचे नत्थूजी. दोघांचं ऑपरेशन एकाच सकाळी झालेलं. लाजाळू शेतकरी माणूस. परक्या बाईपुढे, म्हणजे सिस्टरपुढे, असल्या विषयावर तोंड उघडणं त्यांना जमतच नसे. आणि मी नाचणगावचा रूपराव, थापांसाठी पंचक्रोशीत बदनाम. आर्वी रोडवर वाघाला सायकलवर डबलसीट कसं नेलं ते मी अशा थाटात सांगितलं, की नत्थूजी पोटावर उशी दाबून म्हणाले, ‘‘बस करा भाऊ, टाके उसवतीन.’’

तिसऱ्या सकाळी मी सिस्टरला ठोकून दिलं, सरला. सरला नव्हता. चहा आला, पोटात गेला, काही बिघडलं नाही. नशीब. मग सिस्टर नत्थूजींकडे वळल्या. ते मान खाली घालून गप्प. तिथं माझ्यातली खोड जागी झाली.

‘‘त्याहीले काय विचारता सिस्टर, मले विचारा. पहाटेच सरला. मी ऐकला ना. अख्खा वार्ड जागा झाला.’’

हशा पिकला. नत्थूजींचे कान लाल झाले. खोटं आहे म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, ते काही त्यांच्यानं झालं नाही. सिस्टरनं हसत हसत कागदावर खूण केली. दुपारी त्यांच्या घरवालीनं, यशोदाबाईंनी, डब्यातला वरण-भात कालवला. पिवळंधमक वरण, वर हिंगाची फोडणी. पहिला घास हातात धरून नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘खाऊ ना, भाऊ?’’

‘‘खा बिनधास्त,’’ मी म्हणालो.

संध्याकाळपासून त्यांचं पोट फुगायला लागलं. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. पाचव्या दिवशी नत्थूजी गेले. खाट रिकामी झाल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, तुम्ही नक्की ऐकलं होतं? मी म्हणालो, हो जी.

टाके निघाले, घरी आलो. पण दोन घास पोटात गेले की पोट तटतटून फुगायचं. बायको, नलू, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायची, ओवा चघळायला द्यायची, जेवण झालं की अंगणात फेऱ्या मारायला लावायची. तिला वाटे, वरणानं होत असेल. मला तर वरणाचा रंगसुद्धा पाहवत नसे.

नत्थूजींच्या दशक्रियेला गेलो. पुलगावहून आर्वीकडची छोटी आगगाडी, प्रत्येक हिसक्याला टाक्यांच्या जागेवर हात. नदीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दगडावर पांढऱ्या भाताचे पिंड मांडलेले. बाभळीवर दहा-बारा कावळे. एरवी कावळा किती कालवा करतो. हे गप्प बसले होते. पंखसुद्धा झाडत नव्हते... नुसते बघत होते.

नत्थूजींचा धाकटा भाऊ हिरालाल हात जोडून म्हणाला, पोरांना शिकवू. कावळा हलला नाही. वावर विकणार नाही. हलला नाही. मग वहिनीकडे न बघता तो पुटपुटला, ‘‘हिनंच कोंबू कोंबू खाऊ घातलं. आता अन्नाले कसे शिवतीन?’’

यशोदाबाई उठल्या. दहा दिवसांत बाई अर्धी झाली होती. माझ्याजवळ आल्या. ‘‘भाऊ, तुमच्यावर लय भरोसा होता त्याहीचा. तुम्ही सांगून पाहा.’’

खरं बोलायचं तर तीच वेळ होती. सोयरेधायरे, गाव, सगळे समोर. मी पिंडाजवळ गेलो, वाकलो, आणि माझ्या तोंडून काय निघावं...

‘‘सरला, नत्थूजी. मी ऐकला. खा बिनधास्त.’’

एक कावळा खाली उतरला. चोच लावली.

लोक सुटले. हिरालालनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळे आंघोळीला पाण्याकडे गेले. यशोदाबाई तेवढ्या मागे राहिल्या. कावळाही राहिला. चार दाणे खाऊन तो दगडावरच बसला होता, पंख सैल सोडून. त्याचं पोट फुगत होतं. मला वाटलं, उन्हानं डोळ्यांना भास होतोय. पण ते फुगतच होतं... पिसं उभी राहिली, आतली कातडी दिसायला लागली.

मग मी सगळं ओकलो. सरला नव्हता बाई. मी काहीच ऐकलं नव्हतं. गंमत केली. डॉक्टरलाही खोटं सांगितलं. तुमचा यात काही दोष नाही.

यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थकल्यासारखं हसल्या. ‘‘तुमच्या गोष्टी सांगत जी ते मले. माणूस चांगले आहा तुम्ही. पण माह्यासाठी खोटं नका बोलू भाऊ.’’

कावळ्यानं मान ताणली. चोच उघडून एक घास दगडावर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. एवढं त्यानं खाल्लंच नव्हतं. पिंड पांढऱ्या भाताचे होते, आणि दगडावर पडत होतं ते पिवळं होतं. हिंगाचा वास आला.

यशोदाबाई वाकल्या. दोन बोटं लावली आणि चटकन मागे घेतली.

‘‘गरम हाये,’’ त्या म्हणाल्या. कावळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझ्याकडे बघत होत्या. ‘‘मंग... तुम्ही खरंच नव्हतं ऐकलं?’’

पाण्याकडून लोक ओल्या कपड्यांनी परत येत होते. कावळा अजून ओकतच होता.